अर्थसाक्षरतेच्या तासाविषयी अभ्यासक्रम समितीला खुले पत्र

प्रति,
शालेय अभ्यासक्रम समितीचे सर्व सन्माननीय सदस्य

सविनय नमस्कार.

अर्थसाक्षरता हा विषय उच्च प्राथमिक वर्गांपासून शिकवावा असे आपण ठरवत आहात, आणि त्यासाठी पाठ्यपुस्तक, स्वाध्यायपुस्तिका व वर्षअखेरची लेखी परीक्षा असा आराखडा चर्चेसाठी मांडला आहे. गेली चौदा वर्षे मी याच वयाच्या मुलांना गणित शिकवते आणि त्यांपैकी नऊ वर्षे वर्गात एक छोटासा अर्थव्यवहार प्रत्यक्ष चालवते आहे. आपल्या हेतूविषयी माझी काहीच तक्रार नाही, पण आराखड्याच्या स्वरूपाविषयी गंभीर हरकत आहे आणि ती संबंधित सर्वांना वाचता यावी म्हणून हे पत्र खुले ठेवले आहे.

हा विषय शिकवण्याची गरज आहे का, हा प्रश्न आता जवळपास मिटला आहे. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत १५ वर्षांच्या मुलांची अर्थसाक्षरता २०१२ साली पहिल्यांदा तपासली. २०२२ च्या फेरीत संघटनेच्या सहभागी देशांतील सरासरी सुमारे १८ टक्के मुले किमान पातळीपर्यंतही पोहोचली नाहीत. खरा प्रश्न हा विषय कसा शिकवावा याचा आहे, आणि तेथे आपला आराखडा एका जुन्या अनुभवाकडे दुर्लक्ष करतो असे मला वाटते. डॅनियल फर्नांडिस, जॉन लिंच आणि रिचर्ड नेटेमेयर या अभ्यासकांनी २०१४ मध्ये आधीच्या २०१ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. लोकांच्या आर्थिक वागणुकीतला जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ०.१ टक्का हिस्सा अर्थशिक्षणामुळे पडतो, आणि शिकल्याला जितके महिने उलटतात तितका तो परिणाम ओसरतो, असे त्यांना आढळले. पुढे २०२२ मध्ये ७६ काटेकोर प्रयोगांवर आधारलेला दुसरा आढावा प्रसिद्ध झाला आणि त्याने यापेक्षा बरेच आशादायक चित्र दाखवले, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. दोन्ही आढावे शेजारी ठेवून मी एवढाच बोध घेते की अर्थशिक्षणाचा उपयोग होऊ शकतो, मात्र तो आपोआप होतो असे गृहीत धरून पुस्तक छापायला घेऊ नये. शिकलेली गोष्ट वापरण्याची वेळ आणि शिकण्याची वेळ यांत दहा वर्षांचे अंतर असेल, तर मधल्या काळात ती विसरली जाणारच.

माझ्या वर्गातला एक प्रसंग तपशिलाने सांगते, कारण माझे सगळे म्हणणे त्यातूनच आले आहे. वर्गात आम्ही पुठ्ठ्याच्या गोल चकत्या चलन म्हणून वापरतो. फळा पुसणे, ग्रंथपेटी सांभाळणे, साहित्याच्या कपाटाची नोंद ठेवणे, अशी कामे मुलांनी अर्ज करून मिळवायची असतात आणि कामाचा मोबदला आठवड्याला १० चकत्या असतो. बाकाचे भाडे आठवड्याला ४ चकत्या पडते, म्हणजे नेमाने काम करणाऱ्याच्या हाती ६ उरतात. खिडकीजवळच्या जागांचा तिमाहीतून एकदा लिलाव होतो. एका वर्षी एका मुलाने खिडकीची जागा ४० चकत्यांना घेतली. त्याच्याजवळ एकही शिल्लक नव्हती, म्हणून त्याने वर्गबँकेतून आठवड्याला १० टक्के चक्रवाढ दराने कर्ज काढले. चक्रवाढ व्याजाच्या लेखी चाचणीत त्याला पैकीच्या पैकी गुण होते. सूत्र त्याला झोपेतून उठवून विचारले तरी आले असते.

पहिल्या आठवड्याचे व्याज ४ चकत्या झाले. ते भरण्याऐवजी ‘शेवटी एकदम देतो’ असे सांगून त्याने उरलेल्या ६ चकत्या शुक्रवारच्या बाजारात खर्च केल्या आणि पुढचे आठवडेही असेच गेले. वहीत कर्ज ४४, ४८.४०, ५३.२४ असे चढत होते, पण वही उघडून कोण बघतो? सहाव्या आठवड्याचे व्याज ६.४४ निघाले तेव्हा बँकेचा हिशेब ठेवणारी मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, “बाई, आता त्याने सगळी बचत दिली तरी कर्ज कमी होणार नाही.” तिला तो शोध इतका भयंकर वाटला होता की ती हळू आवाजात बोलत होती. सातव्या आठवड्याच्या शेवटी कर्ज ७७.९५ झाले होते. त्यानंतर वर्गाची सभा बसली. कर्ज माफ करावे असे काहींचे म्हणणे होते, तर ‘मग आम्ही व्याज भरले ते कशाला’ असे इतरांचे. अखेर त्याने खिडकीची जागा सोडली, दुसरे काम घेतले आणि आठवड्याला १६ चकत्या भरत सात आठवड्यांत कर्ज फेडले. एकूण भरणा ११२ चकत्यांच्या आसपास गेला. पहिल्या आठवड्यापासून ६ चकत्या भरल्या असत्या तर किती पडले असते, हे गणित त्याने कोणी न सांगता स्वतः मांडले. बारा आठवडे आणि सुमारे ६९ चकत्या, असे उत्तर आले. ते पान त्याने वहीतून फाडून दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवले होते.

सूत्र येणे आणि सूत्राच्या कचाट्यात सापडणे यांतले अंतर कोणत्याही स्वाध्यायपुस्तिकेत मावत नाही. कागदावरच्या उदाहरणात ‘रमेशने कर्ज घेतले’ असे असते आणि रमेशची काळजी कोणालाच नसते. वर्गातल्या चकत्यांना बाहेर काडीची किंमत नाही, तरी त्या आठवडाभर उन्हात पाय पसरून बसण्याची सोय विकत घेतात, आणि बारा वर्षांच्या मुलाला तेवढे पुरेसे खरे असते. शिवाय चूक होते ती चकत्यांची होते. हीच चूक पंचविसाव्या वर्षी खऱ्या पैशांत झाली तर सभा बोलावून तोडगा काढणारा वर्ग आजूबाजूला नसतो.

अशा व्यवहाराचा दुसरा लाभ मला सुरुवातीला दिसलाच नव्हता. व्यक्तीच्या जमाखर्चाबरोबर सगळ्यांचा मिळून पैसा कसा वागतो हेही मुलांना कळू लागते. एका वर्षी लिलावाच्या आदल्या दिवशी, निव्वळ उत्साहाच्या भरात, मी प्रत्येकाला २० चकत्यांची बक्षिसी वाटली. दुसऱ्या दिवशी खिडकीची जागा नेहमीच्या चाळिशीऐवजी ७५ ला गेली आणि ज्यांनी महिनाभर काटकसर केली होती ती मुले संतापली. आमच्या त्या दिवशीच्या चर्चेचा निष्कर्ष एका मुलाने फळ्यावर लिहिला: ‘बाईंनी चकत्या वाढवल्या, खिडक्या तेवढ्याच राहिल्या.’ महागाईची याहून नेमकी व्याख्या मी त्यांना देऊ शकले नसते, आणि दिली असती तर ती त्यांनी पाठ करून परीक्षेनंतर सोडून दिली असती.

त्याच्या पुढच्या वर्षी उलटे घडले. वर्ग इतका हातराखा निघाला की बाजारात कोणी काही विकत घेईना. हाताने वाचनखुणा बनवून विकणाऱ्या दोघींनी धंदा गुंडाळला आणि मग त्यांनीही खर्च थांबवला. वॉशिंग्टनमधल्या काही पालकांनी एकमेकांची मुले सांभाळण्यासाठी कूपने चालवली होती आणि प्रत्येकजण कूपने साठवू लागल्यामुळे ती व्यवस्था ठप्प झाली होती. जोन आणि रिचर्ड स्वीनी यांनी १९७७ मध्ये त्यावर लिहिलेला लेख अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. मी ती हकिकत मुलांना सांगितली आणि आपल्याकडे काय करावे ते विचारले. त्यांनी शिल्लक चकत्यांवर बंधन घालण्यापासून नव्या चकत्या काढण्यापर्यंत सगळे उपाय सुचवले, आणि नव्या चकत्यांना गेल्या वर्षीच्या वर्गातून आलेल्या एका मुलीने कडाडून विरोध केला. बचत हा सद्गुण आहे असे शिकवणारे पुस्तक सर्वांनी एकाच वेळी बचत केली तर काय होते, याविषयी गप्प असते.

थोड्या मोठ्या मुलांबरोबर मी हप्त्यांचा खेळ करते. १२० चकत्यांचे कर्ज, दर १० टक्के, १२ मासिक हप्ते, म्हणजे १२ चकत्या व्याज धरून दर हप्ता ११ चकत्या. सगळे म्हणतात, दहा टक्के तर आहे. मग मी विचारते की सहा हप्ते फेडल्यावर तुमच्याकडे बँकेचे किती पैसे उरलेले असतात, आणि व्याज मात्र तुम्ही किती रकमेवर भरत आहात. मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवरच आकारले जाते, त्यामुळे शिल्लक रकमेवर मोजला तर हा दर सुमारे १८ टक्के पडतो, हे तासाभरात मुलेच शोधून काढतात. जाहिरातीतला दर आणि खरा दर यांतला हा फरक अनेक सुशिक्षित मोठ्यांनाही ठाऊक नसतो. माझ्या बाबतीत बोलायचे तर मलाही तो पहिले कर्ज फेडून झाल्यावरच कळला.

येथवर वाचून आपल्याला वाटेल की ही बाई आपल्या प्रयोगाचे गोडवे गात आहे. तेव्हा माझ्या चुकाही सांगायला हव्यात, कारण आपण हा कार्यक्रम सर्वत्र नेणार असाल तर त्याच चुका मोठ्या प्रमाणावर होतील.

पहिली चूक दंडाची. सुरुवातीच्या वर्षी मी उशिरा येण्याला २ चकत्या दंड लावला आणि दोन आठवड्यांत उशिरा येणाऱ्यांची संख्या वाढली. मुले शांतपणे दंड ठेवून जागेवर जाऊन बसत. यूरी नीझी आणि आल्डो रुस्टिकिनी यांनी इस्रायलमधील हैफा शहरातल्या १० पाळणाघरांत हाच अनुभव नोंदवला होता आणि तो २००० साली प्रसिद्ध झाला होता. त्यांपैकी सहा ठिकाणी मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावल्यावर उशीर जवळपास दुपटीने वाढला, आणि दंड उठवल्यावरही तो खाली आला नाही. मी तो शोधनिबंध आधी वाचला असता तर एक सत्र वाचले असते. वर्तणूक, गृहपाठ आणि गुण यांना चकत्यांशी जोडू नये, असा नियम मी तेव्हापासून पाळते. कोणत्या गोष्टी विकत मिळू नयेत हे कळणे हाही अर्थसाक्षरतेचाच भाग आहे. म्हणून आपल्या आराखड्यातली ‘चांगल्या वर्तनासाठी गुणांकन-मुद्रा’ ही तरतूद काढून टाकावी अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

दुसरी चूक अधिक खोल होती आणि तिची मला आजही लाज वाटते. एका तिमाहीत शुक्रवारचा बाजार मी लागोपाठ दोनदा रद्द केला. एकदा तपासणी होती, एकदा अभ्यासक्रम मागे पडला होता. मुलांनी काही कुरकुर केली नाही. पण पुढच्या महिन्यात वर्गबँकेतल्या ठेवी निम्म्यावर आल्या आणि मुले हातात आलेली चकती त्याच दिवशी एकमेकांकडे खर्च करू लागली. मी त्यांना संयमाचे महत्त्व सांगत होते, आणि दोष संयमाचा नव्हताच. सेलेस्ट किड आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३ ते ५ वर्षांच्या २८ मुलांना आधी चित्रकलेचे चांगले साहित्य आणून देण्याचे वचन दिले होते. अर्ध्या मुलांच्या बाबतीत ते पाळले, अर्ध्यांच्या बाबतीत मोडले. मग प्रत्येकापुढे गोड खाऊ ठेवून, थांबलास तर दुप्पट मिळेल असे सांगितले. वचन पाळलेली मुले सरासरी सुमारे १२ मिनिटे थांबली, मोडलेली जेमतेम ३ मिनिटे. ज्याला उद्या मिळेल याची खात्री नाही त्याने आजच खाऊन टाकणे हा शहाणपणा आहे. माझी मुले तसेच वागत होती. तेव्हापासून बाजाराचा तास शाळेच्या वेळापत्रकात गणिताच्या तासाइतकाच पक्का असावा असे मी मुख्याध्यापकांकडून लिहून घेतले आहे. आपल्या आराखड्यात ‘वेळ उपलब्ध असल्यास प्रात्यक्षिक’ असे शब्द आहेत. ते तसेच राहिले तर प्रात्यक्षिक न घेणे त्यापेक्षा बरे, कारण न पाळलेला बाजार मुलांना बचतीच्या विरुद्ध धडा देतो.

खऱ्या पैशांविषयी दोन शब्द. शाळेत मुलांची बचत गोळा करण्याची कल्पना नवी नाही. बेल्जियममधील गेंट येथे फ्रांस्वा लोराँ या कायद्याच्या प्राध्यापकाने १८६६ मध्ये शाळांतून बचत खाती सुरू करण्याची मोहीम हाती घेतली आणि ती पुढे अनेक देशांत पोहोचली. त्या कामाविषयी मला आदर आहे, तरी वर्गात खरे पैसे आणण्याच्या मी विरोधात आहे. खरे पैसे आले की कोणाच्या घरात किती आहे हे उघडे पडते, आणि ज्याच्या घरी महिनाअखेर ओढाताण असते ते मूल पहिल्याच दिवशी मागच्या बाकावर जाते. चकत्यांचा सर्वांत मोठा गुण हा की पहिल्या सोमवारी सगळ्यांची शिल्लक शून्य असते. त्याच कारणाने ‘घरच्या मासिक खर्चाचे अंदाजपत्रक तयार करा’ हा आपल्या स्वाध्यायपुस्तिकेतला उपक्रम वगळावा. एका वर्षी तसा गृहपाठ मी दिला होता. एका मुलीने आणलेल्या कागदावर गोळाबेरीज अगदी व्यवस्थित होती आणि प्रत्येक आकडा कल्पनेतला होता, हे तिच्या आईशी बोलल्यावर मला समजले.

वित्तसंस्थांनी छापून दिलेल्या मोफत पुस्तिका आणि प्रायोजित कार्यशाळा यांच्याबद्दल मी थोडक्यात लिहिते. ज्याला उद्या या मुलांना कर्जे विकायची आहेत, त्याच्याकडून कर्जाचे धडे घेऊ नयेत.

राहिला परीक्षेचा प्रश्न. लेखी परीक्षा असल्याशिवाय विषय गांभीर्याने घेतला जात नाही, हा आपला युक्तिवाद मला समजतो, पण परीक्षा आली की व्याख्या येतात, व्याख्या आल्या की अपेक्षित प्रश्नसंच येतात, आणि सहा महिन्यांत माझ्या वर्गबँकेचे टेबल प्रश्नसंच ठेवायला वापरले जाईल. मूल्यमापन करायचेच असेल तर प्रत्येक मुलाची जमाखर्चाची वही पाहा. वहीत चुका असू द्या. ज्या वहीत एकही तोट्याचा व्यवहार नाही तिच्याविषयी मला उलट शंका येते. वर्षाच्या शेवटी मुलाने आपल्या वहीतला एक व्यवहार निवडावा आणि तो आज पुन्हा करायचा असता तर कसा केला असता, हे पाच मिनिटे समजावून सांगावे. याला गुण देणे अवघड आहे हे मला मान्य आहे. मी त्यावर फक्त ‘ऐकले’ असा शेरा लिहिते.

शिक्षकांच्या तयारीचा मुद्दा आराखड्यात दोन दिवसांच्या व्याख्यानांनी उरकला आहे. आम्हा शिक्षकांपैकी बहुतेकांनी स्वतःच्या पैशांचे निर्णय चाचपडतच घेतलेले असतात आणि व्याख्याने ऐकून ती भीती जात नाही. त्याऐवजी प्रशिक्षणाला आलेल्या शिक्षकांमध्येच दहा दिवस चकत्यांचा व्यवहार चालवावा. खुर्चीचे भाडे लावावे, जागांचा लिलाव करावा, एक जण हप्त्यांत अडकू द्यावा. आमच्या शाळेत मी हे सहा सहकाऱ्यांबरोबर केले होते. तिसऱ्या दिवशी दोघांमध्ये उधारीवरून खरोखरीची अबोला धरण्यापर्यंत पाळी आली, आणि त्यानंतर त्यांना मुलांचे भांडण किरकोळ वाटेनासे झाले.

तेव्हा समितीकडे माझे मागणे मोजके आहे. पाठ्यपुस्तकाच्या छपाईचा निर्णय दोन वर्षे थांबवावा. त्या काळात जे शिक्षक स्वेच्छेने पुढे येतील त्यांच्या वर्गांना आठवड्यातून एक तास द्यावा आणि तो कोणत्याही कारणाने काढून घेतला जाणार नाही असे लेखी आश्वासन द्यावे. वर्गातले नियम ठरवण्याची मोकळीक शिक्षक आणि मुलांना असावी. दोन वर्षांनी वह्या मागवून घ्याव्यात आणि मगच पुस्तकात काय असावे ते ठरवावे. माझ्याकडच्या नऊ वर्षांच्या वह्या मुलांची नावे झाकून आपल्याला पाहायला द्यायला मी तयार आहे. त्यांत चकत्यांच्या खाडाखोडीसह सगळे जसेच्या तसे आहे.

वह्यांपेक्षा प्रत्यक्ष पाहणे बरे, म्हणून आपल्यापैकी कोणीही एखाद्या शुक्रवारी शेवटच्या तासाला वर्गात येऊन बसावे असे माझे निमंत्रण आहे. फक्त पूर्वसूचना म्हणून सांगते की पाहुण्यांनाही बाकाचे भाडे पडते, तसा वर्गाचा ठराव आहे. चकत्या जवळ नसतील तर बँकेतील मुलगी कर्ज देईल. दर आपल्याला ठाऊक आहेच.

आपली विश्वासू,
उच्च प्राथमिक वर्गांची एक गणित शिक्षिका